आप्पांच्या फोनवरचा तास

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या घरात एक विषय हमखास निघतो. परवा चहाच्या वेळी आमचे हे अगदी सहज बोलावं तसं बोलले, "मॅडम, सीझन आला. जुन्या व्हिडिओंतले दोन-चार नव्यानं टाकायचे का?" मी कप खाली ठेवला आणि नुसतं त्यांच्याकडं बघितलं. "विचारलं फक्त," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. एवढ्या वर्षांच्या संसारात माझी ती नजर त्यांना पाठ झाली आहे.

'सीझन' हा शब्द त्यांचा. आंब्याचा असतो, लग्नसराईचा असतो, तसा त्यांच्या लेखी दहावीच्या परीक्षेचाही असतो. मी औरंगाबादेत मुकुंदवाडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म घालवला, त्यामुळं माझ्या लेखी हे दिवस वेगळे. सकाळी अजून शाल लागते, पण दुपारी रस्त्यावर उतरलं की डोळ्यांवर हात धरावा लागतो. शाळेच्या मैदानातला कडुनिंब पानं टाकत असतो आणि शिपाईमामा ती झाडून झाडून वैतागतात. झेरॉक्सच्या दुकानातून निघालेला गरम कागद आणि त्याचा तो कडवट वास. पोरींनी तळहातावर पेनानं लिहिलेली, घामानं पसरलेली सूत्रं. एरवी ज्यांना गप्प बसवता बसवता माझा घसा बसायचा ती पोरं या दिवसांत आपोआप गप्प होतात, आणि ती गप्प झाली की मलाच धडकी भरते. नोकरी सुटली, ही धडकी काही सुटली नाही. अजूनही सकाळी गणवेशातला घोळका घरावरून जाताना दिसला की वाटतं, आपलं काहीतरी शिकवायचं राहून गेलंय.

आता व्हिडिओंचं सांगते. करोनात शाळा बंद पडल्या होत्या, तो उन्हाळा. मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, घरून शिकवा. मला फोन घेता यायचा आणि ठेवता यायचा, त्यापलीकडं काही नाही. मग यांनी पुढाकार घेतला. हे एका कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात होते. सगळं आयुष्य मालातली खोट काढण्यात गेलं, त्यामुळं घरी बसून यांचे हात शिवशिवत होते. बाहेरच्या खोलीत भिंतीला फळा टांगला. इस्त्रीच्या टेबलावर गव्हाचा डबा, डब्यावर पाट, पाटावर फोन. पंखा बंद, कारण आवाज येतो. हिरवी साडी नेसून, घामाघूम होऊन मी 'भिंगे आणि त्यांचे उपयोग' शिकवते आहे, असा तो पहिला व्हिडिओ.

त्यात काय नाही! कुकरच्या शिट्ट्या आहेत, भंगारवाल्याची आरोळी आहे. मध्येच शेजारच्या वहिनी ओरडतात, "पाणी आलं, पाणी आलं!" आणि मी खडूसकट आत पळत सुटते. आमच्या शहरात नळाला पाणी कधी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. ते आल्यावर भिंगाचं नाभीय अंतर कुणाला सुचणार? मोटर लावून, पदराला हात पुसत मी परत येते आणि म्हणते, "हं, कुठं होतो आपण?" तोवर नुसता फळा दिसत राहतो. का हो, फोन बंद नाही का करायचा, असं विचारलं तर हे म्हणाले, "तू बंद कर म्हणालीस कुठं?"

असं करत पुस्तकातले बरेच धडे झाले. पुढं शाळा सुरू झाल्या आणि व्हिडिओ तिथंच पडून राहिले. बघणारे थोडे. पण दरवर्षी परीक्षा जवळ आली की कुठून कुठून पोरं यायची आणि खाली लिहून जायची, "मॅडम, हजर." कुणा एकानं गंमत म्हणून सुरू केलं असेल, पुढं ती रीतच पडली. परभणीचं कुणी, पैठणचं कुणी, ओळख ना पाळख. मी प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची, "बस."

मी निवृत्त झाले त्या वर्षी जानेवारीत भिंगांच्या व्हिडिओखाली एक प्रश्न आला. "मॅडम उणे कुठून आला." नावाच्या जागी 'आप्पा' आणि फोटोच्या जागी बैलजोडी, अंगावर झूल, शिंगं रंगवलेली. मला लई कौतुक वाटलं. या वयात माणूस भिंगं शिकतोय! मी सविस्तर लिहिलं, की वस्तू आपण भिंगाच्या डावीकडं ठेवतो आणि डावीकडची अंतरं उणे धरायची असं ठरलेलं आहे, म्हणून उणे. वर आणखी लिहिलं, "आप्पा, तुमच्या जिद्दीला नमस्कार." दुसऱ्या दिवशी बैलजोडीकडून उत्तर आलं. "मॅडम मी आप्पा नाय. मी त्यांची सून हाय. फोन त्यांचा हाय."

हे उत्तर वाचून आमचे हे इतके हसले की चहा सांडला. मीही हसले. पण त्या दिवसापासून ती माझ्या मनात घर करून बसली.

तिनं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं ते असं. दहावीला विज्ञानात राहिली. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, पुढं मूल झालं. सासर खुलताबादच्या पलीकडं, कुठल्याशा वस्तीवर. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई थकल्या होत्या, त्यांच्या जागी नवीन बाई घेणार होते आणि दहावी पास पाहिजे होती. नवऱ्याची ना नव्हती, सासूबाईंची होती. फॉर्म भरला तो नवऱ्यानं आईशी भांडून. माहेरच्या शाळेतल्या जुन्या बाईंनी माझ्या व्हिडिओची लिंक पाठवली ती आप्पांच्या फोनवर, कारण घरात चांगला फोन तेवढाच. "मला ते निळं दाबायचं तेवढंच येतं मॅडम," तिनं लिहिलं होतं, "दुसरं काय दाबलं अन् आप्पांचं कीर्तन गेलं म्हणजे?" त्यामुळं प्रश्न कुठल्याही धड्यातला असो, ती तो भिंगांच्याच खाली विचारायची. गुरुत्वाकर्षण तिथंच, उष्णता तिथंच. माझा तो एक घामट व्हिडिओ म्हणजे तिची सगळी शाळा.

आणि तिची एक अट होती. उत्तर सकाळीच द्यायचं. आप्पा रानात जाताना फोन घरी ठेवून जायचे, दुपारी जेवण झालं की फोन घेऊन पारावर बसायचे. दुपारनंतर माझं उत्तर गेलं की फोन वाजणार, आप्पा बघणार. परीक्षेचं घरात माहीत होतं, पण सून सासऱ्याच्या फोनवरून परक्या माणसांना लिहीत बसते हे सासूबाईंच्या कानावर गेलं, तर फोनही बंद आणि परीक्षाही बंद. तेव्हापासून माझी सकाळ तिची झाली. दूध तापत ठेवायचं आणि ओट्याशी उभं राहून तिला उत्तर लिहायचं. हे चिडवायचे, "झाली का आप्पांची शिकवणी?" तिनं नाव कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चव्हाट्यावर पोरीचं नाव कशाला काढायचं?

त्याच दिवसांत यांना एडिटिंगचं वेड लागलं. कुठंतरी शिकले, संगणक घेतला, कानांवर ते मोठं डबडं चढवलं आणि माझे जुने तास एकेक करून कापायला बसले. जेवायला हाक मारली तर ऐकू जायचं नाही. "बघ," एकदा मला बोलावून म्हणाले, "एवढ्या मोठ्या तासात तू निम्मा वेळ गप्पच आहेस."

"गप्प नसते. वाट बघत असते."

"कुणाची? समोर तर फोन आहे."

वर्गात किरण कसा वाकतो ते सांगितलं की मी थांबायची. शेवटच्या बाकावरच्या पोराच्या कपाळावरची आठी सुटेपर्यंत थांबायची. आठी सुटली की पुढं. फोनसमोरही ती सवय गेली नव्हती. यांनी ते सगळं थांबणं कापून टाकलं. कुकर गेला, भंगारवाला गेला, माझं पळणं गेलं, "कुठं होतो आपण" गेलं. उरली ती श्वास न घेता बोलत सुटलेली एक बाई. ते बघताना मलाच धाप लागली. खाली ढोलकीसारखं काहीतरी संगीत, वर लाल बाण, आणि व्हिडिओ उघडायच्या आधी दिसतं त्या बाहेरच्या चित्रात माझा चेहरा असा, की मी भिंग नाही, साप बघितलाय. त्यावर ठसठशीत अक्षरांत, "हे येणारच!"

"कोण म्हणालं येणार? पेपर तुम्ही काढलाय का?" मी म्हटलं.

"अगं, असं लिहावं लागतं. नाहीतर कोण बघतंय?" मग हळू आवाजात म्हणाले, "तू इतकं चांगलं शिकवतेस आणि माणसं बघतात चार. मला वाईट वाटतं गं." खरं सांगते, तेव्हा मी विरघळले. नवऱ्यानं आपल्या कामाचं असं काही बोलावं ही आमच्या पिढीला सवय नाही. करा म्हटलं, काय करायचं ते करा.

विज्ञानाचा पहिला पेपर चार दिवसांवर आला. मी एका लग्नाला सिडकोत गेले होते, परत यायला संध्याकाळ झाली. फोन उघडला तर बैलजोडी. दुपारच्या आधी कधीतरी तिनं लिहिलं होतं. "मॅडम गहू काढायला आलाय. सासूबाई म्हणतात पेपर पुढच्या वेळी दे. मला पण भिंगं येत नाहीत, किरण कुठून कुठं जातो ते ध्यानात राहत नाही. सोडून देऊ का. तुम्ही सांगाल तसं करते."

तुम्ही सांगाल तसं! असं कुणी कुणावर सोपवतं का? मला लगेच लिहायचं होतं, सोडायचं नाही म्हणजे नाही. बोटं शिवशिवत होती. पण संध्याकाळ झालेली. फोन आप्पांच्या खिशात, आप्पा पारावर. म्हटलं, सकाळपर्यंत कळ काढू. स्वयंपाक करताना, भांडी आवरताना मी मनात उत्तर जुळवत होते. पुढची वेळ कधी येत नसते, बाई. एकदा सोडलं की लोक तुला सोडायची सवय लावतात. गहू एक दिवस थांबेल. भिंगाचे तीनच किरण लक्षात ठेव, बाकीचे मी बघते. असलं काहीबाही.

सकाळी दूध ठेवलं आणि फोन उघडला. काळी चौकट आणि त्यात लिहिलेलं, की हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही.

"अहो, भिंगं कुठं गेली?"

हे बाहेरून खुशीत म्हणाले, "वरच आहे बघ. पहाटेच टाकला नवीन. चकाचक केलाय."

"आणि जुना?"

"तो काढला. एकाच विषयाचे दोन असले की माणसं गोंधळतात. सीझनमध्ये तर…"

"परत आणा."

"परत येत नाही तो. एकदा काढला की गेला."

"त्याच्याखाली तिचा प्रश्न होता हो! आप्पांच्या सुनेचा! पेपर सोडू का म्हणून विचारलं होतं तिनं मला!"

यांचा चेहरा पांढरा पडला. मला तेव्हा त्यांची दया यायला हवी होती, पण आली नाही. मी तोंडाला येईल ते बोलले. "सगळा जन्म दुसऱ्यांच्या मालातली खोट काढलीत, आता माझ्या तासातली काढा! चांगली पोरगी कापून टाकलीत!" दूध उतू गेलं. दोघंही जागचे हललो नाही. शेवटी यांनीच गॅस बंद केला.

मूळ व्हिडिओ यांच्याकडं संगणकात जपून ठेवलेला होता, म्हणून तो जसाच्या तसा, कुकर आणि पाण्यासकट, लगेच परत टाकला. बाण नाही, साप बघितल्याचा चेहरा नाही, हिरव्या साडीतली मी आणि मागं फळा. पण नव्यानं टाकला म्हणजे त्याची लिंकही नवी. तिच्याजवळ होती ती जुनी, आणि ती मेली. "तिच्या फोनवर आपोआप दिसेल," हे म्हणाले, "एकदा आपलं काही बघितलेलं असलं की तो पुन्हा पुन्हा तेच दाखवतो." म्हणजे आप्पांच्या दोन कीर्तनांच्या मध्ये माझा व्हिडिओ वर यायचा, तो तिला सकाळच्या तेवढ्या वेळात दिसायचा, आणि 'दुसरं काय दाबायचं नाही' अशी शपथ घेतलेल्या बाईनं तो दाबायचा. एवढ्या भरवशावर आम्ही दोघं बसलो.

मी दर थोड्या वेळानं फोन उघडायची. बैलजोडी नाही. घरात दुसरं बोलणंच नाही. यांनी नवीन केलेला तो कापलेला व्हिडिओ मात्र धो धो चालायला लागला. जन्मात पहिल्यांदा आमच्या बघणाऱ्यांची गणती शेकड्यातून हजारांत गेली. खाली पोरं लिहीत होती, एक नंबर, मस्त, मॅडम लई फास्ट. ज्यासाठी यांनी डोळे फोडून घेतले होते ते सगळं मिळालं, आणि त्या आकड्याकडं हे चोरी पकडली गेल्यासारखे बघत बसायचे. इतक्या वर्षांचं ते 'मॅडम, हजर' सुद्धा जुन्या व्हिडिओबरोबर गेलं होतं. त्याचं दुःख करायला मला सवड नव्हती. डोळ्यांपुढं एकच यायचं. तिकडं चुलीपाशी बसून ती ते निळं दाबते आहे, काळं येतंय, पुन्हा दाबते आहे. तिला वाटत असेल आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. किंवा वाटत असेल, मॅडम काही बोलल्या नाहीत, म्हणजे सोडलं तरी चालेल.

पेपरच्या आदल्या दिवशी मी जेवता जेवता म्हटलं, "उद्या खुलताबादला जायचं." तिचं सेंटर तिथं आहे एवढं तिनं कधीतरी लिहिलं होतं.

"नाव माहीत नाही. गाव माहीत नाही. तोंड बघितलेलं नाही," हे म्हणाले. "शोधणार कुणाला?"

"बैलाच्या धन्याला."

यांनी हात धुतले आणि स्कूटरची हवा बघायला खाली गेले. त्या तीन दिवसांत आम्ही एकमेकांशी एवढंच सरळ बोललो असू.

दौलताबादला रस्त्यावरच्या जुन्या अरुंद दरवाज्यात ट्रकच्या मागं अडकलो तेव्हा मी मागं बसून सारखी घड्याळ बघत होते. पुढं घाट चढून वर आलो आणि दोन्ही बाजूंना गहूच गहू. कुठं उभा, कुठं कापून पेंढ्या बांधलेला. कोवळ्या उन्हात बायका ओळीनं वाकल्या होत्या. प्रत्येक वावरात वाकलेली बाई मला तीच वाटत होती. थांबवा म्हणावं आणि उतरून हाक मारावी, अगं, चल! पण हाक काय म्हणून मारू?

शाळेपुढं नेहमीचीच गर्दी. पोलीस, आई-बाप, मोटारसायकली, शेवटच्या क्षणाला पुस्तकात नाक खुपसलेली पोरं. आम्ही पोचलो तेव्हा आत सोडायला सुरुवात झाली होती. मी टाचा उंच करून गळ्यात मंगळसूत्र दिसतंय का ते बघत राहिले. दोघीतिघी दिसल्या. एकीच्या पाठोपाठ मी "बाई, अगं बाई" करत गेले, तर पोलिसानं अडवलं. ती वळलीसुद्धा नाही. मग घंटा झाली आणि फाटक लागलं.

समोरच्या झेरॉक्सवाल्यानं मला उन्हात उभी बघून स्टूल दिलं. "बैठो मॅडम. आपका बच्चा अंदर है?"

"पता नहीं भैया. है भी, नहीं भी."

त्यानं माझ्याकडं नवलानं बघितलं आणि पाण्याचा ग्लास पुढं केला. मी पाणी प्यायले. हे झाडाखाली उभे राहून उगाच चष्मा पुसत होते. मला वाटलं, संपलं. ती आत नाही. ती कुठंतरी गहू कापते आहे आणि आपण इथं दुसऱ्यांच्या लेकरांची तोंडं बघत बसलोय.

"तुमी त्या भिंगाच्या मॅडम ना?"

मी दचकून मागं बघितलं. डोक्याला उपरणं गुंडाळलेला एक म्हातारा, खांद्यावर झोपलेलं पोर. "आमच्या फोनमधी दिसता की रोज," तो म्हणाला. "औरंगाबादहून आल्या व्हय?"

चार दिवस मी त्यांना शोधत होते, आणि ते मला कुठंही ओळखणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आप्पा?"

"व्हय. आप्पाच."

"आप्पा, सून कुठाय तुमची?"

"आत. पेपर लिवायली."

मी स्टुलावर बसले ते बसलेच. हे धावत जवळ आले, त्यांना वाटलं मला चक्कर आली. आप्पांनी पोर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तुमाला वाटत आसंल, ह्याला कसं कळलं. माझ्या फोनमधलं मला म्हाईत नसंल व्हय? पोरगी दडून शिकायली, शिकू दे म्हनलं. आपुन कशाला इचारायचं." मग त्यांनी जरा घसा खाकरला. "पर मॅडम, एक बोलू का? तुमी येवढं रागवायला नको व्हतं."

"मी? मी कुठं रागावले?"

"तिनं इचारलं पेपर सोडू का, अन् दुसऱ्या दिशी तुमी यिडिओच काढून टाकला! दिसभर रडली. जेवली नाय. संध्याकाळी म्यां इचारलं तर फोन फुडं केला अन् म्हनली, आप्पा, बघा, मॅडमनी शाळाच बंद केली. म्यां तसं इचारायचंच नव्हतं. इतकं शिकवलं त्यांनी अन् म्यां सोडू का म्हनले." आप्पा हसले. "मग उठली अन् सासूला तोंडावर म्हनली, गहू ऱ्हाऊ द्या नायतर तुमी काढा, म्या पेपरला जानार. आमच्या घरात आजवर तिला तोंड वर करून बोलताना कुनी बघितलं नव्हतं. वहीत तुमी सांगितलेलं समदं लिवून ठिवलेलं व्हतं, त्येच घोकीत बसली दोन दिस."

मला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदम. एवढी विचार करून, जुळवून ठेवलेली माझी वाक्यं, पुढची वेळ येत नसते आणि काय आणि काय, ती तिच्यापर्यंत गेलीच नाहीत. तिच्यापर्यंत गेली ती काळी चौकट. आणि तिनं त्या चौकटीत माझा राग वाचला, मला ज्याचा पत्ताही नव्हता. मी यांच्याकडं बघितलं. हे खाली मान घालून चपलेनं मातीत रेघोट्या ओढत होते.

पेपर सुटेपर्यंत आम्ही तिथंच थांबलो. आप्पांनी नातू यांच्याकडं दिला आणि तो यांच्या खांद्यावर निवांत झोपला. घंटा झाली, फाटक उघडलं, पोरं एकमेकांना उत्तरं विचारत लोंढ्यानं बाहेर पडली. सगळ्यांच्या मागून ती आली. निळी साडी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कंपास. केवढीशी पोर! वर्गात तिसऱ्या बाकावर बसली असती. आधी तिनं लेकराला शोधलं. ते एका परक्या माणसाच्या खांद्यावर बघून ती घाबरली, मग आप्पांकडं बघितलं, आणि मग तिची नजर माझ्यावर आली. ती जागच्या जागी उभी राहिली. पदर सावरला. वर्गात उशिरा आलेली मुलगी दारात उभी राहते तशी उभी.

मला म्हणायचं होतं, अगं ये, मी रागावले नाही, कधीच नव्हते. पण मी नुसता हात पुढं केला. ती पुढं आली पण माझ्याकडं बघेना. मग लेकराला घ्यायच्या निमित्तानं ती यांच्याजवळ सरकली आणि मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पण मला स्पष्ट ऐकू आलं, यांना म्हणाली,

"काका, तुमी सांगा की मॅडमला. म्हनावं, आली व्हती पेपरला, समदा लिवला. परवा दुसरा पेपर हाय. तेवढा झाला की मग काढून टाका म्हनावं, पर तवर तेवढा यिडिओ परत लावा, म्या समदं त्याच्याखालीच इचारते. तुमचं ऐकतील त्या."